"कशावरून?" असें विचारणारा यंत्रगुरु

भूमितीच्या वहींत एक चमत्कारिक गोष्ट नेहमीं आढळते. अंकगणिताच्या उदाहरणांत उत्तर शेवटीं येतें, आणि तें बरोबर कीं चूक हें पुस्तकाच्या मागील पानावर पाहून ठरवितां येतें. भूमितींत मात्र उत्तर आरंभींच लिहिलेलें असतें. 'पक्ष' म्हणून जें दिलेलें आहे तें लिहावयाचें, 'साध्य' म्हणून जें सिद्ध करावयाचें तें लिहावयाचें, आणि मग 'सिद्धता' या शब्दाखालीं पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी वाट स्वतः पाडावयाची. मुक्काम कोणता हें मुलाला ठाऊक असतें, गुरुजींना ठाऊक असतें, पुस्तकालाही ठाऊक असतें. परीक्षा असते ती वाटेची. म्हणूनच अंकगणितांत ज्याला पैकींच्या पैकीं गुण पडतात असा मुलगाही सिद्धतेच्या पहिल्या ओळीशीं थबकतो. आणि ज्याला थबकण्याची लाज वाटते, तो पुस्तकांतील सिद्धता सरळ पाठ करून टाकतो.

पाठांतराचें हें संकट घरोघरच्या आईबापांना परिचयाचें आहे. मुलगा प्रमेय घडाघड म्हणतो. परंतु आकृतींतील अक्षरें बदललीं किंवा त्रिकोण जरासा कलता काढला, कीं त्याची जीभ अडखळते. मधल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवून "हें कशावरून?" असें विचारावें, तर तो पुन्हां पहिल्या ओळीपासून म्हणूं लागतो. वस्तुतः 'कशावरून?' हा साधा प्रश्न हाच भूमितीच्या शिक्षणाचा प्राण होय. तो प्रत्येक मुलाला, प्रत्येक पायरीवर आणि योग्य त्या क्षणीं विचारला गेला पाहिजे. पन्नास मुलांच्या वर्गांत एकट्या शिक्षकाला हें कसें साधावें? या कोड्याचें एक उत्तर गेल्या चाळीस वर्षांत संगणकाच्या द्वारें शोधलें गेलें आहे. त्या उत्तराची हकीकत आणि त्याची खरी किंमत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोत्यांनीं क्षणभर मनांतल्या मनांत एक आकृति काढावी. अबक हा त्रिकोण. अ हा शिरोबिंदु वर, आणि बक हा पाया खालीं. अब आणि अक या दोन बाजू समान आहेत, एवढेंच दिलेलें आहे. पायाजवळचे ब आणि क हे कोन समान आहेत असें सिद्ध करावयाचें आहे. शाळेंत शिकविली जाणारी वाट सरळ आहे. अ या कोनाचा दुभाजक काढावा. तो पायाला ड या बिंदूंत मिळेल. आतां अबड आणि अकड हे दोन त्रिकोण पाहावे. अब आणि अक समान, हें पक्षावरून. अ जवळचे दोन अर्धे कोन समान, हें रचनेवरून. आणि अड ही बाजू दोघांना सामाईक. बाजू, कोन, बाजू, म्हणजे मुलांच्या भाषेंतील 'बाकोबा' कसोटी लागली, त्रिकोण एकरूप ठरले, आणि साध्य हातीं आलें.

हीच सिद्धता तीन मुलें लिहावयास बसलीं आहेत अशी कल्पना करावी. पहिल्या मुलानें दुभाजक काढला, आणि आकृतींत तसें दिसतें म्हणून ड हा पायाचा मध्य आहे असें लिहून तीन बाजूंची कसोटी लाविली. त्याचा शेवट बरोबर आला. ड हा मध्य आहे हेंही असत्य नाहीं. परंतु तें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. दुसऱ्यानें ब आणि क हे कोन समान आहेत, हेंच एक कारण म्हणून मध्यें घातलें. म्हणजे आरोपीलाच साक्षीदार करून सोडलें. तिसऱ्याला मुळांत रेषा काढावी हेंच सुचलें नाहीं, आणि तो आकृतीकडे नुसता पाहत राहिला. तिघांची अडचण निराळी, आणि तिघांना विचारावयाचा प्रश्नही निराळा. फळ्यावर मात्र सर्वांसाठीं एकच सिद्धता लिहिली जाते. पुढें वह्या तपासून परत येतात तेव्हां तांबड्या शाईची फुली दिसते. परंतु ज्या क्षणीं चुकीचा विचार मनांत आला, तो क्षण दोन दिवसांपूर्वींच निघून गेलेला असतो. मुलगा फुली पाहतो, गुण मोजतो आणि वही मिटतो.

शिक्षणाच्या कामीं यंत्र जुंपण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनीं १९२० नंतरच्या दशकांत प्रश्न दाखविणारें आणि उत्तराची कळ दाबल्यावर तें बरोबर कीं चूक हें सांगणारें एक यंत्र तयार केलें होतें. १९५० नंतरच्या दशकांत बी. एफ. स्किनर यांनीं विषयाचे बारीक बारीक तुकडे पाडून क्रमाक्रमानें शिकविणारीं यंत्रें पुढें मांडलीं. या दोहोंनाही एक मर्यादा होती. त्यांना उत्तर दिसे, वाट दिसत नसे. ज्या विषयांत उत्तर आधींच ठाऊक असतें, त्या विषयांत अशा यंत्राचा उपयोग तो किती होणार?

यानंतर दुसऱ्याच दिशेनें एक पाऊल पडलें. १९५९ सालीं आय. बी. एम. या कंपनींतील हर्बर्ट गेलर्न्टर यांनीं भूमितीचीं प्रमेयें स्वतः सिद्ध करणारी आज्ञावली संगणकावर चालवून दाखविली. ही आज्ञावली साध्यापासून मागें मागें येई : हें सिद्ध होण्यास आधीं काय सिद्ध व्हावें लागेल, आणि त्याच्याही आधीं काय? असें करतांना असंख्य फांटे फुटत; त्यांपैकीं जे आकृतीशींच विसंगत असत ते ती तत्काळ टाकून देई. आकृति पाहून सिद्धता मानूं नये, परंतु आकृति पाहून भलती वाट सोडावी, हा जो विवेक चांगला शिक्षक मुलांना शिकवितो, त्याचेंच हें यांत्रिक रूप होतें.

याच सुमारास घडलेली एक हकीकत मोठी मनोरंजक आहे. १९५६ च्या आसपास मार्विन मिन्स्की हे गणिती, यंत्रानें भूमितींत कसा विचार करावा हें कागदावर हातानेंच चालवून पाहत होते. मघांच्याच प्रमेयाला त्यांनीं ती पद्धति लाविली, तेव्हां कोणतीही नवी रेषा न काढतां सिद्धता बाहेर पडली. अबक हा त्रिकोण एकदां डावीकडून वाचावा आणि एकदां उजवीकडून. अब आणि अक समान, अक आणि अब समान, अ हा कोन तोच. म्हणून त्रिकोण स्वतःच्याच उलट्या रूपाशीं एकरूप, आणि ब व क हे कोन समान. ही सिद्धता नवी नव्हती; अलेक्झांड्रियाच्या पॅपस या प्राचीन गणितज्ञाच्या नांवावर ती शेंकडों वर्षें नोंदलेली आहे. परंतु तिच्यामुळें एक गोष्ट स्पष्ट होते. ही सिद्धता सर्वांत आंखूड आहे, आणि तरीही बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ती सर्वांत अवघड वाटते. कारण एकच वस्तु दोन समजून तिची स्वतःशीं तुलना करणें त्याच्या मनाला पटत नाहीं. सिद्धता शोधणें ही एक विद्या आहे, आणि ती शोधावयास शिकविणें ही दुसरी. पहिलींत आंखूड वाट श्रेष्ठ; दुसरींत मुलाला चालतां येईल ती वाट श्रेष्ठ.

दुसऱ्या विद्येकडे यंत्राला वळविण्याचें श्रेय मुख्यतः पिट्सबर्ग शहरांतील कार्नेगी मेलन विद्यापीठांतील जॉन अँडरसन यांना दिलें पाहिजे. अँडरसन हे मानसशास्त्रज्ञ. मनुष्याचें कौशल्य हें शेंकडों लहान लहान नियमांचें बनलेलें असतें, आणि त्या प्रत्येक नियमाचें रूप 'जर असें असेल, तर असें करावें' असें असतें, हा सिद्धान्त त्यांनीं १९८३ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडला होता. तो खरा असेल तर भूमितीचें कौशल्यही असेंच उलगडून दाखवितां आलें पाहिजे. म्हणून १९८५ सालीं फ्रँकलिन बॉयल आणि ग्रेग योस्ट या सहकाऱ्यांसह त्यांनीं 'जिऑमेट्री ट्यूटर', म्हणजे 'भूमिति-शिक्षक' या आज्ञावलीचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिच्या पोटांत चांगल्या विद्यार्थ्याचे नियम भरलेले होते. उदाहरणार्थ, दोन त्रिकोण एकरूप दाखवावयाचे असतील आणि त्यांची एक बाजू सामाईक असेल, तर ती प्रथम नोंदवून ठेवावी. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, तींत चुकणाऱ्या विद्यार्थ्याचे नियमही भरलेले होते. मुलें कशीं चुकतात याचा अभ्यास करून त्या चुकाही 'जर आणि तर' यांच्या सांच्यांत बसविल्या होत्या.

या यंत्रगुरूचा पडदा पाहण्यासारखा होता. साध्य वरच्या टोकाला आणि पक्ष खालच्या टोकाला लिहिलेला असे. मधली जागा मोकळी. विद्यार्थ्यानें ज्या विधानांवरून पुढें जावयाचें तीं दाखवावयाचीं, कोणत्या प्रमेयाच्या आधारानें जावयाचें तें सांगावयाचें, आणि मग निघणारें नवें विधान लिहावयाचें. विधानांना जोडणाऱ्या रेषा पडद्यावर उमटत, आणि हळूहळू एखाद्या झाडासारखी सिद्धता उभी राही. खालून वर जाण्याची मुभा होती, तशीच वरून खालीं येण्याचीही होती. दोन्हीं टोकांकडून येणाऱ्या फांद्या मध्यें कोठेंतरी मिळाल्या कीं काम पुरें झालें. सांगितलेलें कारण लागूं पडत नसेल, तर यंत्र तेथल्या तेथें हटकत असे. आणि ती चूक त्याच्या ओळखीची असेल तर नेमकें कोठें घसरलें हेंही सांगत असे.

येथें वहीचा एक दोष आपोआप उघडा पडतो. वहींतील सिद्धता वरून खालीं सरळ उतरते. जणूं लिहिणाराला पहिल्या ओळीपासून सर्व कांहीं दिसत होतें! वास्तविक कोणीही गणितज्ञ असा चालत नाहीं. तो थोडा पक्षाकडून येतो, थोडा साध्याकडून येतो, मध्यें चांचपडतो, परत फिरतो, आणि वाट सांपडल्यावर मागच्या सर्व पाऊलखुणा पुसून निवडक तेवढें कागदावर मांडतो. मुलाला हें धुतलेलें, पुसलेलें रूपच दाखविलें जातें, आणि त्याची समजूत होते कीं, ज्याला चांचपडावें लागतें तो मंदबुद्धि. सिद्धतेच्या झाडाला दोन्ही बाजूंनीं फांद्या फुटतांना पाहिल्यानें ही खुळी समजूत दूर होण्यास मदत होते. एवढा एकच लाभ झाला असता, तरीही हा उद्योग व्यर्थ गेला असें म्हणतां आलें नसतें.

हा यंत्रगुरु लवकरच पिट्सबर्गमधील एका शाळेच्या वर्गांत बसविण्यांत आला, आणि तेथील भूमितीच्या विद्यार्थ्यांना त्याचा लाभ झालेला दिसून आला. परंतु गुणांपेक्षांही बोधप्रद असें निरीक्षण समाजमानसशास्त्राच्या अभ्यासक जॅनेट शोफील्ड यांनीं केलें. त्या वर्गांत पुष्कळ दिवस बसून शिक्षक आणि मुलें कशीं वागतात हें त्यांनीं पाहिलें. त्यांना असें दिसलें कीं, यंत्रें आल्यावर शिक्षकाचें काम संपलें नाहीं, तें बदललें. पूर्वीं शिक्षक फळ्यापाशीं उभा राहून सर्वांना उद्देशून बोले, आणि उत्तर बहुधा हुशार मुलांकडून येई. आतां तो बांकांमधून फिरूं लागला, आणि त्याचा अधिक वेळ मागें पडलेल्या मुलांपाशीं जाऊं लागला. चारचौघांत चूक उघडी पडण्याची भीति कमी झाल्यामुळें मुलें मोकळेपणानें मदत मागूं लागलीं. मुलें अधिक नेटानें काम करीत, आणि कोण किती प्रश्न पुढें गेला याची त्यांच्यांत चढाओढही लागे. फुली मारण्याचें काम यंत्रानें घेतलें, आणि जवळ बसण्याचें काम शिक्षकाला परत मिळालें.

तथापि पहिल्या प्रयत्नांत कांहीं उणीवाही होत्या, आणि त्या याच संशोधकांनीं शोधल्या हें विशेष. केनेथ केडिंगर यांनीं अँडरसन यांच्यासह १९९० सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. भूमितींत मुरलेलीं माणसें सिद्धता शोधतांना काय बोलतात हें त्यांनीं नीट ऐकलें, तेव्हां असें आढळलें कीं, हीं माणसें एकेक पायरी चढतच नाहींत. आकृतीकडे पाहतांच त्यांना ओळखीचे नमुने दिसतात : येथें सामाईक बाजूचे दोन एकरूप त्रिकोण आहेत, तेथें समांतर रेषा आणि छेदिका आहे. प्रथम ते अशा ठळक खुणा जोडून आराखडा करतात, आणि मधल्या बारीक पायऱ्या मागाहून भरतात. पहिला यंत्रगुरु बारीक पायऱ्यांवरच अडून बसे. म्हणजे गांवाचा नकाशा न दाखवितां पावलें मोजावयास लावी. ही उणीव भरून काढण्यासाठीं केडिंगर यांनीं 'अँगल' नांवाचा नवा यंत्रगुरु रचला. त्यांत विद्यार्थ्याला आकृतींतील नमुने ओळखून आधीं आराखडा करतां येई.

हा नवा यंत्रगुरु वर्गांत नेल्यावर आणखी एक धडा मिळाला. ज्या शिक्षकाचा या कामांत प्रत्यक्ष भाग होता, आणि ज्यानें यंत्रावरील काम व नेहमींचें शिकविणें यांची नीट सांगड घातली, त्याच्या वर्गांत मोठी प्रगति दिसली. इतर शिक्षकांच्या वर्गांत ती तशी दिसली नाहीं. यंत्र तेंच, प्रमेयें तींच, मुलेंही त्याच वयाचीं. फरक होता तो पाठीशीं उभ्या असलेल्या माणसाचा. शाळांसाठीं यंत्रें विकत घेऊन खोलींत मांडलीं कीं शिक्षण झालें, असें मानणाऱ्या सर्व कारभाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळणें योग्य होईल. मुलानें बरोबर पायरी लिहिली, परंतु ती अंदाजानें लिहिली असेल तर? व्हिन्सेंट अलेव्हन आणि केडिंगर यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याचाच विचार केला आहे. कोनांचीं मापें काढण्याचे प्रश्न दोन गटांना देण्यांत आले. एका गटानें नुसतें माप सांगावयाचें. दुसऱ्यानें प्रत्येक मापाबरोबर तें कोणत्या प्रमेयावरून आलें हेंही सांगावयाचें. कारण सांगण्यांत वेळ जातो, त्यामुळें तेवढ्याच वेळांत दुसऱ्या गटाचे प्रश्न कमी सुटले. वरवर पाहणाराला हा तोटाच वाटेल. परंतु मागाहून परीक्षा घेतली तेव्हां कारणें सांगणाऱ्या मुलांची समज अधिक खोल गेल्याचें दिसून आलें. विशेषतः, जेथें दिलेली माहिती अपुरी असून उत्तर काढतांच येत नाहीं, तेथें "हें सांगतां येणार नाहीं" असें ओळखण्यांत तीं मुलें सरस ठरलीं. आपल्याला काय ठाऊक आहे याइतकेंच, काय सिद्ध होत नाहीं हें कळणें, हें भूमितीचें मोठें देणें आहे. आणि तें 'कशावरून?' या प्रश्नाचें उत्तर देण्याची संवय लागल्यानेंच मिळतें.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अशा आज्ञावलींत अडलेल्या मुलासाठीं सूचनांची सोय असते. पहिली सूचना मोघम असते, दुसरी अधिक स्पष्ट, आणि शेवटची सूचना बहुधा उत्तरच सांगून मोकळी होते. संशोधकांना असें आढळलें कीं, पुष्कळ मुलें पहिल्या सूचना न वाचतांच भराभर कळ दाबून शेवटच्या सूचनेपर्यंत जातात, तेथील उत्तर उतरवून घेतात आणि पुढें सरकतात. मुलांच्या चातुर्याला अंत नाहीं! गुरुजींची नजर चुकवून शेजाऱ्याच्या वहींत पाहणारा मुलगा यंत्रासमोर बसल्यानें साधु होत नाहीं. तो नवी युक्ति शोधतो. वर्गांत फिरणारी माणसाची नजर म्हणूनच यंत्राच्या युगांतही सुटत नाहीं.

असें असूनही या यंत्रांची एकंदर कमाई लहान नव्हे. १९८४ सालीं शिकागोचे शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनीं असें दाखविलें होतें कीं, ज्याला स्वतंत्र शिक्षक लाभतो असा सामान्य विद्यार्थी नेहमींच्या वर्गांतील शंभरांपैकीं ९८ विद्यार्थ्यांच्या पुढें जाऊं शकतो. श्रीमंतांच्या मुलांना घरीं शिक्षक ठेवण्याची चाल कां पडली हें यावरून समजतें. आणि गरिबाच्या मुलाचें काय, हा प्रश्नही यावरूनच उभा राहतो. पुढें २०११ सालीं कर्ट व्हॅनलेन यांनीं अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत खाजगी शिक्षकाचा परिणाम ब्लूम समजले तितका प्रचंड नसून ०.७९ एवढा भरला, आणि पायरी पायरीनें तपासणाऱ्या यंत्राचा परिणाम ०.७६ एवढा भरला. या आंकड्यांची परिभाषा बाजूस ठेविली, तरी त्यांचा अर्थ स्पष्ट आहे. उत्तर न तपासतां वाट तपासणारें यंत्र चांगल्या खाजगी शिक्षकाच्या जवळपास येऊन पोहोंचलें आहे.

परंतु मधल्या काळांत दुसऱ्याच जातीचीं यंत्रें जन्माला आलीं आहेत. जानेवारी २०२४ मध्यें 'अल्फाजिऑमेट्री' नांवाच्या आज्ञावलीचें वृत्त प्रसिद्ध झालें. आंतरराष्ट्रीय गणित स्पर्धेंतून निवडलेल्या भूमितीच्या ३० प्रश्नांपैकीं २५ प्रश्न तिनें ठराविक वेळांत सोडविले. गेलर्न्टर यांच्या यंत्राचा हा वंशज आतां जगांतील निवडक मुलांच्या बरोबरीला आला आहे. शिवाय साध्या भाषेंत प्रश्न विचारला असतां संबंध उत्तर लिहून देणारीं संभाषण-यंत्रें आज घरोघरीं मुलांच्या हातांत आहेत. आकृतीचें वर्णन सांगावें, आणि पक्ष, साध्य, सिद्धता, सर्व कांहीं क्षणांत लिहून मिळावें! मग मुलानें त्रास तो कशाला घ्यावा?

या प्रश्नाचें उत्तर तुर्कस्थानांतील एका मोठ्या प्रयोगानें दिलें आहे. तेथील माध्यमिक शाळेंतील सुमारें एक हजार विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावासाठीं असें संभाषण-यंत्र देण्यांत आलें. एका गटाला मागेल तें सांगणारें मोकळें यंत्र मिळालें. सरावाच्या वेळीं त्या गटाची कामगिरी, यंत्रावांचून सराव करणाऱ्या मुलांपेक्षां, शेंकडा ४८ नें वाढली. परंतु यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हां तीच मुलें शेंकडा १७ नें मागें पडलीं. दुसऱ्या गटाच्या यंत्राला उत्तर न देतां शिक्षकांनीं ठरविलेल्या सूचनाच देण्याचें बंधन घातलेलें होतें. त्या गटाचें हें नुकसान बव्हंशीं टळलें. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचें तात्पर्य इतकेंच कीं, मुलासाठीं चालणारें यंत्र त्याचे पाय दुबळे करतें.

यावरून यंत्रांची एक साधी पारख हातीं येते, आणि ती करण्यास संगणकशास्त्र अवगत असण्याची आवश्यकता नाहीं. मुलासाठीं एखादी आज्ञावली निवडतांना तिला किती प्रमेयें येतात हें विचारूं नये. आजच्या काळीं सर्वच येतात. तिच्यापुढें मुद्दाम एक चुकीची पायरी लिहावी. शेवट बरोबर आला म्हणून ती शाबासकी देते कीं चुकीच्या पायरीवर बोट ठेवते, हें पाहावें. पायरी बरोबर असली, तरी तिचें कारण विचारते कीं नाहीं, हें पाहावें. मूल अडलें असतां ती सबंध सिद्धता पुढें टाकते, कीं पुढच्याच पायरीपुरता आधार देते, हें पाहावें. आणि शेवटीं यंत्र बंद करून, कोऱ्या कागदावर अक्षरें बदललेली तीच आकृति मुलाला द्यावी. त्या कागदावर जें उमटेल तेवढेंच मूल शिकलें; बाकीचें सर्व यंत्र शिकलें होतें.

ज्या घरांत यंत्र नाहीं, त्या घरानें हताश होण्याचें कारण नाहीं. चाळीस वर्षांच्या या उद्योगांतून जें सार निघालें तें फुकट मिळणारें आहे. भूमिति न शिकलेल्या आईलाही वहींतील एका ओळीवर बोट ठेवून "हें कशावरून?" असें विचारतां येतें, आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबतां येतें. उत्तर खरें कीं खोटें हें तिला कळलें नाहीं तरी चालेल. मुलाच्या आवाजावरून त्याला स्वतःला तें पटलें आहे कीं नाहीं हें तिच्याइतकें कोणालाही कळत नाहीं. यंत्राला ही कला अद्याप शिकावयाची आहे.

समद्विभुज त्रिकोणाचे पायाजवळचे कोन समान असतात हें दोन हजार वर्षांहून अधिक काळ जगाला माहीत आहे. तें पुन्हां सिद्ध केल्यानें जगाच्या ज्ञानांत भर पडत नाहीं. भर पडते ती सिद्ध करणाराच्या बुद्धींत. पुढें हा मुलगा बाजारांत, कचेरींत, सभेंत वावरेल; तेथें ठासून सांगितलेल्या हजार गोष्टी त्याच्या कानांवर पडतील, आणि त्यांतील पुष्कळशा आतां यंत्रांनींच रचलेल्या असतील. त्या वेळीं ज्याच्या तोंडून आपोआप "कशावरून?" हा शब्द निघेल, त्याची भूमिति कामीं आली असें म्हणावें. हा शब्द मुलाच्या जिभेवर बसविण्यास जें यंत्र साहाय्य करील तें खुशाल घरांत आणि शाळेंत यावें. जें तो शब्द त्याच्या जिभेवरून काढून घेईल, त्याची हुशारी कितीही दिपविणारी असो, त्याला मुलाच्या भूमितीच्या वहीपासून दूर ठेवलेलेंच बरें.